पटाच्या मैदानातली कातडी टोपी

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी कातड्याची टोपी आहे. जुनी, सुरकुतलेली, एका कानाशी उसवलेली. पण मी मिरवायची टोपी कधीच नव्हते. मी डोकं राखायची टोपी. उघड्या मोटारीत बसून जो वाऱ्याशी झुंजायचा, त्याच्या कपाळाची मी राखणदारीण.

माझा जन्म वलगावचा. आपला वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोटार दिसली की माणसं हातातलं काम टाकून रस्त्यावर येत. वलगावच्या एका विहिरीवरची मोट फाटली. वर्षानुवर्षं पाणी पिऊन तिचं कातडं मऊही झालं होतं आणि चिवटही. ते चिरून नत्थुजी चांभारांनी माझे तुकडे बेतले. आत भरायला कापूस मात्र कौशल्याबाईंनी आपल्या हातांनी निवडला, सरकी काढून, पिंजून, ढगासारखा हलका करून. टाके घालताना त्या हळू आवाजात गुणगुणत,

टाका मारते टाक्यावं, आत कापूस गं मऊ
वाऱ्या, कपाळ धन्याचं, त्याले धक्का नको देऊ

हे गाणं म्हणजे माझं बारसं. माझा धनी त्या गाण्यातच मला कळला.

धनी म्हणजे जानराव, कौशल्याबाईंचे यजमान. शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, भरला की जानरावांचं नाव चारी दिशांना घुमायचं. जोडी हाकणाऱ्याला आमच्याकडे धुरकरी म्हणतात. तसा धुरकरी पंचक्रोशीत दुसरा नव्हता. पण एका पटात छकडी उलटली आणि त्यांचं डोकं धोंड्यावर आपटलं. कितीतरी दिवस ते नुसते छताकडे बघत पडून होते. बायकोला ओळखेनात. बरे झाले तेव्हा अमरावतीच्या डॉक्टरांनी कौशल्याबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, की हे डोकं आता दुसरा मार सोसणार नाही.

जानरावांनी बैल सोडले. अमरावतीचे कमलाकांत वकील यांनी नवी बिनटपाची मोटार घेतली होती. तिच्यावर ते चालक म्हणून राहिले. कौशल्याबाईंना वाटलं, सुटलो. आणि मग बातमी आली, की वलगावच्या रस्त्यावरच्या पटाच्या मैदानात यंदा मोटारींची शर्यत होणार. जानरावांच्या डोळ्यांत जुनी चमक आली. कौशल्याबाईंनी ती ओळखली. नको म्हणून हा माणूस थांबणार नाही, हेही त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या रडत बसल्या नाहीत. त्यांनी मला शिवायला घेतलं. वकिलांच्या मोटारीबरोबर आलेला धुळीचा चष्मा डब्यात पडून होता, तोही मागून घेतला आणि त्याचा पट्टा माझ्या कानांशी शिवला. मला डोळे मिळाले.

शर्यतीच्या दिवशी मैदान माणसांनी फुललं होतं. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून रानं मोकळी झाली होती. बैलगाड्या सोडलेल्या, झाडांवर पोरं, एका अंगाला बायकांची गर्दी. तीन मोटारी उभ्या होत्या. सकाळी प्रत्येकीने एकटीने मैदान फिरून दाखवायचं आणि दुपारी खरी शर्यत.

आता आमच्या पटाची एक रीत ऐका. जोडी सुटण्याआधी मालकाने आपल्या धुरकऱ्याला भरमैदानात फेटा बांधायचा. शेमला जितका लांब, तितका मान मोठा. मोटारी आल्या, पण रीत बैलांचीच राहिली. कमलाकांत वकील हौसेने लालभडक फेटा घेऊन आले आणि गुडघ्याच्या खाली लोंबेल असा शेमला सोडून त्यांनी तो जानरावांना बांधला. एवढ्या लोकांसमोर नको कसं म्हणणार? जानरावांनी मला गुपचूप सीटखाली सारलं.

तिथून मला दिसत काहीच नव्हतं. ऐकू मात्र सगळं आलं, आणि उरलेलं मागाहून लोकांच्या तोंडून कळलं. सकाळच्या फेरीसाठी इंजिन गरजलं, वारा शिट्ट्या घालू लागला. छकडीच्या वाऱ्याला जो शेमला नुसता डुलायचा, तो मोटारीच्या वाऱ्याला खवळला. पहिल्याच वळणावर तो फडाडा उलटला आणि जानरावांच्या तोंडाभोवती गुंडाळला गेला. मोटार आंधळी झाली. लोकांची बोंब उठली. जानरावांनी नुसत्या अंदाजाने चाक फिरवलं आणि आम्ही कडब्याच्या गंजीत जाऊन घुसलो. गंजीऐवजी तिथं आंब्याचं खोड असतं, तर माझी गोष्ट तिथंच संपली असती.

जानराव कडबा झटकत उभे राहिले. नुसतं खरचटलं होतं. तोवर बायकांच्या गर्दीतून एकट्या कौशल्याबाई मैदान ओलांडून येत होत्या. एवढ्या पुरुषांसमोर त्या कधी बोलल्या नव्हत्या. त्यांनी नवऱ्याच्या डोक्यावरचा फेटा उतरवला, त्याची नीट घडी केली आणि तो वकिलांच्या हातांत ठेवला.

“वकीलसाहेब, मान शर्यतीनंतर बांधजा,” त्या म्हणाल्या. “आधी मले माह्यं माणूस वापस पाहिजे.”

मालकाने बांधलेला फेटा बाईने उतरवावा, असं त्या मैदानाने पाहिलं नव्हतं. कमलाकांत वकील लालबुंद झाले. त्यांनी फेट्याकडे पाहिलं, गंजीत रुतलेल्या मोटारीकडे पाहिलं. मग ते वाकले, सीटखाली हात घालून त्यांनी मला बाहेर काढलं आणि माझ्यावरची धूळ आपल्या कोटाच्या बाहीने पुसली.

“कौशल्याबाई, पट्टा किती घट्ट हवा?”

“दोन बोटं जातील इतका.”

आणि मित्रांनो, त्या मालकाने स्वतःच्या हातांनी मला धुरकऱ्याच्या डोक्यावर चढवलं. त्या क्षणी माझ्यातला कापूस असा फुलला की टाके तटतटले.

लोक हसले, नाही असं नाही. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनवाल्याची मोटार हाकणारा देवीदास तर मुद्दाम जवळ आला. “काहून जानरावजी, तेलाच्या घाण्याले जुपले काय? डोयाले झापडं बांधून आले.”

“झापडं नोहेत रे, खिडक्या हायेत,” जानराव म्हणाले. “आतून तू बराबर दिसून राहिला.”

मोटार गंजीतून ओढून काढली आणि दुपारी निशाण पडलं. तीन मोटारी उसळल्या आणि काळ्या मातीचा लोट आभाळाला भिडला. देवीदास पुढे, आम्ही त्याच्या मागे, तिसरी मोटार धुळीत हरवलेली. देवीदासच्या चाकाने एक गोटा उडवला. तो सरळ आमच्याच कपाळावर आला. ठाण्! मोटेचं कातडं दबलं, कापसाने तो मार गिळला आणि जानरावांची मान नुसती हलली. जे डोकं दुसरा मार सोसणार नव्हतं, त्याच्यापर्यंत मी तो पोचूच दिला नाही.

शेवटच्या वळणावर धूळ इतकी दाटली, की देवीदासने डोळे चोळायला एक हात सोडला. मोटार बाजूला सरली, वाट उघडी पडली. माझ्या काचांमागे जानरावांचे डोळे सताड उघडे होते. त्यांनी ती वाट पाहिली आणि आम्ही बाणासारखे निघून गेलो.

मग काय सांगू! ढोल, हलगी, गुलाल. कमलाकांत वकिलांनी आता तो लाल फेटा पुन्हा बांधला, जानरावांच्या डोक्यावर, सावकाश, घडीघडीने. मी कौशल्याबाईंच्या काखेत होते. जानराव त्यांना हाक मारून म्हणाले, “कौसल्ये, टोपी सांभाळून धर. आजची शर्यत तिनं मारली.” मी आजवर ऐकलेलं सगळ्यांत गोड वाक्य ते.

तेवढ्यात देवीदास आला. डोळे लाल, गालांवरून काळं पाणी वाहत होतं. तो खाली मान घालून म्हणाला, “वहिनी, माह्या डोक्याचं माप घ्या.”

“डोकं हाये म्हणता, तर घेते,” कौशल्याबाई म्हणाल्या, आणि हसत हसत त्याला आधी डोळे धुवायला पाणी दिलं.

पुढच्या वर्षी त्या मैदानात एकही चालक उघड्या डोक्याने उतरला नाही. धारणीच्या जंगलवाटांवर, बार्शीटाकळीच्या धुळीत, जानराव जिथं जिथं उघडी मोटार घेऊन गेले, तिथं तिथं मी होते. मग दुसरी मोठी लढाई आली, पेट्रोल मिळेनासं झालं. शर्यती थांबल्या. पुढे टपाच्या मोटारी आल्या आणि मी फडताळात गेले. उंदराने माझा थोडा कापूस नेला. कोणी कधी मला खुंटीवरही टांगलं नाही. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? कधी तुमच्या घरात अशी एखादी जुनी राखणदारीण सापडली, तर तिला फेकू नका. ऊन दाखवा, तेलाचा हात फिरवा. आणि वाऱ्यावर स्वार होण्याआधी, कोणी कितीही हसलं तरी, डोकं झाका.

मला बक्षिसाचा चांदीचा पेला मिळाला नाही. तो वकिलांच्या दिवाणखान्यात गेला. पण माझं बक्षीस माझ्याजवळ आहे. मला उलटी करून अस्तर पाहा. टाक्यांमध्ये केस अडकलेले दिसतील. सगळ्यांत खोल रुतलेले काळेभोर आहेत. त्यांच्यावरचे करडे. आणि अगदी वरचे, मित्रांनो, पांढरेशुभ्र.