काडीशिवाय पेटणारी वात

तळवलीच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टाळांच्या गजरात कानठळ्या बसत होत्या. चौथऱ्यावर पितळी समई, काडीपेटी कुठेच नाही. कुंदन महाराज हात वर करून उभे. एकाएकी वात भस्सकन पेटली आणि संपली. चिमूटभर राखसुद्धा उरली नाही.

"देवीआईनं दुखणं गिळलं! आता सुई कायमची बंद!" महाराज गरजले.

समोर सुनयनाच्या मांडीवर तिची लहानगी ज्ञानेश्वरी धापा टाकत होती. तिला मधुमेह, आणि महाराजांच्या सांगण्यावरून कालपासून इन्सुलिन बंद. मी सुनयनाची शेजारीण, खारघरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते.

"सुनयना, ऊठ. दवाखान्यात चल, पोर हातची जाईल!"

"नमिता मॅडम, वात मी सोता वळली व्हती. आपसूक पेटली, तुमीबी बघितली. आता सुई टोचली तर आई कोपंल."

तिला गदागदा हलवावंसं वाटलं. पण तिनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, तिथे माझे शब्द कोण ऐकणार? मी समईवर हात धरला. खालून गरम वारा येत होता. भक्त त्याला देवीचा श्वास म्हणत. मी भिंतीवरचा मेन स्विच पाडला. पंखे थांबले, श्वासही थांबला.

"महाराज, आता पेटवा दुसरी वात."

"आज आईची इच्छा नाही!"

"आईला वीज लागते होय?"

मी चौथऱ्याखालचा पडदा ओढला. आत पॅकिंगचं प्लास्टिक आवळायची, गरम हवा फेकणारी हीट गन! रबाळ्याच्या कारखान्यांतल्या निम्म्या पोरांच्या हातात ती रोज असते. तिचा आवाज टाळांनी झाकला होता. महाराजांच्या झोळीतून सुनयनाची वात निघाली, म्हणजे समईत त्यांनी आपली ठेवली होती; तसलीच आणखी एक झोळीत होती.

वीज चालू करून सुनयनाची वात समईत ठेवली. नुसती पिवळी पडली. मग महाराजांची ठेवली. आधी तपकिरी धूर, मग भस्स!

"हा रसायनात मुरवलेला कापूस," मी ओरडून सांगितलं. "बंदुकीच्या गोळीत असलंच भरतात. याला ज्योत लागत नाही. गरम हवेनं तो विघटित होतो, त्यातून आणखी उष्णता निघते, आणि भडकतो. प्राणवायू त्याच्या पोटातच असतो, म्हणून राख उरत नाही."

सुनयना पोरीला उचलून अनवाणी रिक्षाकडे धावली.

हे लिहितेय तेव्हा ज्ञानेश्वरी आयसीयूत आहे. अजून डोळे उघडलेले नाहीत. सुनयना मला विचारते, "मॅडम, वात खोटी व्हती, मग माजी पोर खरीखुरी का मरतीय?"

वात खोटी होती, पण चुकलेली सुई खरी होती. तुम्हाला हात जोडून सांगते: देव माना, नका मानू. पण डोळ्यांना दिसलं तेवढ्यावर विश्वास टाकू नका, तपासा. आणि तपासून होईपर्यंत लेकराचं औषध थांबवू नका.