गुरुवारची संत्री

ओनेझीम त्राव्हेर त्या हिवाळ्यात मेला असता, तर सगळ्यांत जास्त फायदा फ्युल्झांस बारोचा होता. बायकोचा नव्हे, तिच्या वाट्याला रंगाचे डाग पडलेलं टेबल आणि कोळसेवाल्याची उधारी आली असती. सेन नदीपलीकडच्या गल्लीतल्या बारोच्या दुकानात, मागच्या खोलीत, ओनेझीमच्या ‘लाल मोज्यांची नर्तकी’ या पोस्टरच्या न डकवलेल्या प्रती छतापर्यंत रचलेल्या होत्या. सगळ्या रद्दीच्या भावात उचललेल्या. पॅरिसला तेव्हा पोस्टरांचं वेड लागलं होतं. भिंतीवर खळीने डकवायचा कागद लोक चौकटीत घालून दिवाणखान्यात टांगत होते, आणि काढणारा गेला की तोच कागद चौपट भावाने जात होता. बारोचं म्हणणं एवढंच, की ओनेझीमने फार वेळ लावू नये.

म्हणून दर गुरुवारी तो मोंमार्त्रचा चढ चढून, मग पाच मजले चढून, धापा टाकत यायचा. दोन संत्री आणायचा. पलंगाजवळच्या खुर्चीत बसून पोटावर हात ठेवायचा, डोळे अर्धवट मिटून मान किंचित वर करायचा आणि एखाद्या मैफलीला बसावं तसा ओनेझीमचा खोकला ऐकायचा. खोकला कोरडा असला तर लवकर उठायचा. ओला असला की आणखी एक कॉफी मागायचा.

ओनेझीमची बायको झेली चुलीपाशी उभी राहून हे बघायची. आधी तिला वाटलं होतं, माणूस स्वार्थी असला तरी येतो तरी; बाकीच्यांनी तर जिनाच सोडला होता. मग एके दिवशी बाजारात छापखान्याचा मालक मायोशों भेटला आणि मान खाली घालून बोलला. ओनेझीमची सगळी पोस्टरं त्याच्याच छपाईच्या दगडांवरून छापली गेली होती. त्याने सांगितलं, की कोकोवाला, दिव्याच्या तेलाचा व्यापारी, सायकलचा कारखानदार, एकेकाकडे जाऊन बारोनेच कानात सांगितलं होतं: त्राव्हेरचा हात थरथरतो, आता त्याला काम देऊ नका. हात थरथरत नव्हता. पण नवीन चित्रं निघाली नाहीत, की आधीची दुर्मीळ होतात. काम नाही म्हणून कोळसा नाही, आणि कोळशाविना काढलेल्या दोन हिवाळ्यांनी ओनेझीमची छाती धरली होती.

झेली रडली नाही. घरी आली आणि बारोने आणलेलं संत्र सोलून नवऱ्याला एकेक फोड भरवली. संत्र चांगलं होतं. चांगल्या वस्तूचा राग करण्याइतकी ती श्रीमंत नव्हती.

पुढची वाट बारोनेच दाखवली. त्या गुरुवारी खोकला चांगलाच ओला होता. बारोचं मन भरून आलं.

“त्राव्हेर, माझं एक चित्र काढून द्या की,” तो म्हणाला. “तुमचं शेवटचं... म्हणजे, अलीकडचं काम म्हणून. जपून ठेवीन.”

ओनेझीमने झेलीकडे पाहिलं. मायोशोंचं बोलणं तिने त्याला सांगितलं होतं.

“काढ ना,” झेली म्हणाली. “मस्यू एवढे जिने चढून येतात. आणि मस्यू, तुम्ही हलू नका. नेहमी बसता तसेच बसा.”

तीन गुरुवार तो बसला. पोटावर हात, मान वर, नजर छताकडे, आणि चेहऱ्यावर आता होईल, आता होईल अशी कळकळीची आशा. ओनेझीम उशीला टेकून चरबीच्या खडूने काढत होता. हात सुईत दोरा ओवणाऱ्याइतका स्थिर होता, पण तिकडे बारोचं लक्ष नव्हतं. तो छातीतली घरघर ऐकत होता. चौथ्या गुरुवारी एक रेखाटन काखोटीला मारून तो खाली उतरला आणि त्राव्हेरने आपल्याला समोर बसवून काढलं, हे त्याने गल्लीभर सांगितलं.

त्याच बैठकांत काढलेलं दुसरं रेखाटन घेऊन झेली औषधवाल्या पुलारकडे गेली. पुलार बद्धकोष्ठाच्या गोळ्या विकायचा. चित्र बघून तो इतका हसला की टेबलाचा आधार घ्यावा लागला. असा अडकलेला माणूस त्याने जन्मात पाहिला नव्हता. तो एकरकमी पैसे द्यायला निघाला, तर झेली म्हणाली, तसं नको, छापून निघणाऱ्या प्रत्येक कागदामागे थोडंसं द्या. पोस्टर एकदाच छापतात, एवढं या बाईला कळत नाही, असं मनाशी म्हणत पुलारने घाईघाईने सही केली.

मार्चमध्ये एका सोमवारी बारो नेहमीच्या कॅफेत शिरला. वेटरने समोरच्या भिंतीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि फार काळजीने विचारलं, “मस्यू, आज कॉफी, की नुसतं कोमट पाणी?”

भिंतीवर पुरुषभर उंचीचा बारो बसला होता. पोटावर हात, डोळे वर. खाली पिवळ्या अक्षरांत: ‘वाट पाहू नका! पुलारच्या गोळ्या.’

तो मायोशोंकडे धावला. दगडावर रेघ मारा म्हणाला. ठरलेल्या प्रती निघाल्या की दगडावर आडवी रेघ कोरून पुढची छपाई बंद करायची, ही धंद्याची रीत, आणि दुर्मीळपणाची हमी म्हणून बारोनेच ती कितीदा करवून घेतली होती. मायोशोंने हात पुसत सांगितलं, दगड पुलारने भाड्याने घेतलाय, त्याला विचारा. वकिलाने एकच प्रश्न केला: तुम्ही स्वतः बसला होतात का? नाही म्हणायची सोय नव्हती. गल्लीच साक्षीला होती.

मग बारोने येत होतं तेच केलं. पोस्टर डकवणारे त्याच्या ओळखीचे होते. छापलेले कागद भिंतीला लागण्याआधी पैसे चारून उचलायचे, यावर तर त्याचं दुकान उभं होतं. आता त्याने हुकूम सोडला, या चित्राचे असतील तेवढे आणा. खळीच्या बादल्या घेऊन निघालेली माणसं भिंतीऐवजी बारोच्या मागच्या दाराशी रांग लावू लागली. वर्तमानपत्रात आलं, की त्राव्हेरचं नवं पोस्टर कुणाला मिळतच नाही. पुलार खूश झाला. त्याने आणखी छापायला सांगितलं. बारोने तीही उचलली. पुलारने पुन्हा सांगितलं.

मायोशोंकडून दर खेपेची बातमी आली, की ओनेझीम हसायचा आणि हसता हसता खोकायचा. झेली म्हणायची, “पुरे, मरशील.” तो म्हणायचा, “मग त्याचा भाव वाढेल.”

एप्रिलमध्ये, एका बुधवारी, तो गेला. बारोचा गुरुवार एका दिवसाने हुकला.

आणि भाव खरंच वाढला, पण नर्तकीचा नव्हे. संग्रह करणाऱ्यांना हवं होतं मेलेल्याचं शेवटचं काम, जे बाजारात कुठेच नव्हतं. रोज कुणीतरी दुकानात येऊन हळूच विचारायचं. बारो नाही म्हणायचा, आणि मागच्या खोलीत बारोवर बारो रचलेले. विकलं नाही तर बुडतो. विकलं तर शहरातल्या निम्म्या दिवाणखान्यांत जेवणाच्या टेबलासमोर कुंथत बसतो. मे संपेपर्यंत त्याने कळ काढली. मग ब्रसेल्सचा एक माणूस आला. एवढ्या लांब आपला चेहरा कोण ओळखणार, म्हणून बारोने त्याला एक प्रत विकली. दुसऱ्या दिवशी तिघे आले.

जूनमधल्या एका गुरुवारी झेली नदी ओलांडून दुकानात आली. अंगावर दुखवट्याचा काळा पोशाख, हातात पिशवी. आत चार गिऱ्हाइकं होती. तिने एक प्रत बघायला मागितली. बारोने आवाज खाली आणून विचारलं, “मादाम, अजून किती छळणार?”

“आधी उलगडा तर,” ती म्हणाली.

त्याने उलगडलं. तिने चित्राकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे पाहिलं. चारही गिऱ्हाइकांनी तसंच केलं.

“तुम्ही माझ्या नवऱ्यापाशी अगदी असेच बसायचात,” ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. “त्याने काही वाढवून काढलं नाही.”

पोस्टर न घेताच तिने पिशवीतली दोन संत्री गल्ल्यावर ठेवली आणि निघाली. तिच्यामागे दोन गिऱ्हाइकांनी पोस्टर घेतलं. पैसे देताना दोघांनीही बारोच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, अस्सल आहे याची खात्री करावी तसं.

बारोने गुंतवलेलं सगळं वसूल केलं, वर नफाही झाला. तो मोजताना मात्र त्याची मान कधी वर आली नाही. झेलीला कागदामागचे पैसे मिळाले. खोली ऊबदार झाली आणि जूनमध्येही कोळसा उरला होता. ओनेझीमने कोळशाविना काढलेले दोन हिवाळे कुणी परत केले नाहीत. संत्र्यांची मात्र फेड झाली. ती झेलीने रोख देऊन घेतली होती.