व्हर्लिनची बंदूक की ओलेटाचं पिस्तूल

मी एक बंदूक बोलतेय. छर्र्यांची, लांब नळीची, अक्रोडाच्या लाकडाच्या दस्त्याची. अमेरिकेतल्या केंटकीच्या डोंगरातल्या एका घरात, स्वयंपाकघराशेजारच्या कपाटात माझा मुक्काम आहे.

व्हर्लिनच्या वडिलांनी मला ससे आणि रानटर्की मारायला विकत घेतलं. म्हातारा मितभाषी होता, पण शिकारीहून आला की जेवायच्या आधी मला पुसायचा. तो गेला आणि मी व्हर्लिनकडे आले. पुढे व्हर्लिनचे गुडघे झिजले, शिकार सुटली. कपाटात माझ्या शेजारी झाडू आणि इस्त्रीचं टेबल आलं. एकदा तर कोळ्याने माझ्या नळीच्या तोंडावर जाळं विणलं.

मग खालच्या वळणावरच्या घरात चोर शिरले. पैशांना त्यांनी हात लावला नाही, औषधांचं कपाट तेवढं रिकामं केलं. दुखणं थांबवणाऱ्या गोळ्यांची नशा करायला हल्ली आमच्या दरीत दारं फुटतात. व्हर्लिनच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली होती, तसल्याच गोळ्यांची बाटली त्याच्या उशाशी होती. आणि ते साऱ्या दरीला ठाऊक होतं, कारण चर्चमध्ये त्याचं नाव घेऊन प्रार्थना झाली होती.

त्याच आठवड्यात त्याची बायको ओलेटा पिस्तूल घेऊन आली.

"हे खेळणं कशाला?" व्हर्लिन म्हणाला.

"तुझी ती बंदूक घेऊन मला घरातल्या या बोळातून वळता तरी येतं का? आधी नळी पोहोचते, मग मी. आणि उडवली की खांदा निखळतो."

"पिस्तुलाला स्थिर हात लागतो. सुईत दोरा ओवताना तुझा हात बघ कसा थरथरतो ते. छर्र्यांना नेम धरावा लागत नाही."

"असं का? मग त्या टर्क्या इतकी वर्षं तुला हसत हसत कशा उडून गेल्या?"

व्हर्लिनचे कान लाल झाले. त्याने हुकमाचं पान टाकलं. "हिला उडवावीच लागत नाही, बाई. नळीखालची मूठ मागेपुढे ओढली की जो आवाज होतो ना, तो ऐकून कुठलाही चोर पळत सुटतो."

हे आमच्याकडे प्रत्येक पुरुषाने आपल्या बापाकडून ऐकलेलं असतं. मलाही ते खरंच वाटायचं. त्या आवाजाचा मला गर्व होता.

पिस्तूल ओलेटाच्या खणात गेलं. मी काडतुसांनी पोट भरून व्हर्लिनच्या खुर्चीला टेकून उभी राहिले.

एका संध्याकाळी बर्फाचं वादळ सुटलं होतं. मागचं दार करकरलं. आमच्याकडे माणूस अंगणातूनच हाक मारतो आणि मग आत येतो. त्या दिवशी हाक ऐकू आली नव्हती.

"कोण आहे?" व्हर्लिन ओरडला.

अंधाऱ्या बोळात जड बूट वाजत होते. काहीतरी भिंतीवर आदळलं.

व्हर्लिनने मला उचललं आणि मूठ ओढली. माझा आवाज घरभर घुमला. बूट थांबले नाहीत. हा आवाज ऐकूनही जो पुढे येतो, तो जीव घ्यायलाच आलेला असणार. हा विचार व्हर्लिनच्या दंडातून उतरत त्याच्या बोटापर्यंत आलेला मला कळला. बोट घोड्यावर आवळलं.

ओलेटाने खण उघडला होता. पण पिस्तूल तसंच टाकून ती पुढे झाली. "थांब. मला बघू दे." बोळाच्या दिव्याचं बटण माझ्या नळीच्या पलीकडे होतं. तिने नळीपुढून हात घातला आणि ते दाबलं.

उजेडात होबर्ट उभा होता. ओढ्यापलीकडचा शेजारी, भुवयांवर बर्फ, हातात टॉवेलात गुंडाळलेलं भांडं. त्याला ऐकू कमी येतं, आणि कानातलं यंत्र भिजू नये म्हणून बर्फात तो ते काढून खिशात ठेवतो.

"दिवे का बंद केलेत रे? आपटलो ना मी!" तो नेहमीसारखा ओरडला. "घेवडा आणलाय, डुकराचं हाड घालून. गरम आहे तोवर खा. आणि तू काय, पायाला टाके असताना शिकारीला निघालास?"

व्हर्लिनने मला खाली केलं, पण त्याचं बोट निघेना. ओलेटाने ते हळूच सोडवलं. मग होबर्टच्या कानाशी जाऊन ती म्हणाली, "होबर्ट, आत्ता तू मेला असतास."

होबर्टने भांडं टेबलावर ठेवलं. तो खाली बसला. "मी हाक मारली होती," तो म्हणाला. इतक्या हळू बोलताना मी त्याला कधीच ऐकलं नव्हतं.

आता पिस्तूल दुकानात परत गेलं आहे. मी रिकाम्या पोटी कुलूपबंद कपाटात आहे आणि किल्ली ओलेटाच्या कमरेला. मागच्या दाराशी अंधार पडल्यापासून दिवा जळतो. कोणतं हत्यार बरं, यावर दोघांचं अजून वाजतं, पण माझ्या आवाजाबद्दल व्हर्लिन चकार शब्द काढत नाही. तुमच्या घरातही हा वाद चालू असेल, तर माझी एवढीच विनवणी आहे: माझ्या छर्र्यांना डोळे नाहीत. पुढे कोण उभं आहे ते तुम्हीच आधी बघा.

होबर्ट अजून भांडं घेऊन येतो. पण आता तो समोरच्या दाराने येतो. आमच्या दरीत समोरच्या दाराने फक्त परकी माणसं येतात. घंटा वाजवतो आणि दार उघडेपर्यंत पायरीवर, दोन्ही हात दिसतील असा उभा राहतो.

"मागून ये की रे," व्हर्लिन दर वेळी म्हणतो.

होबर्ट कानाला हात लावून मान हलवतो, ऐकू आलं नाही म्हणून. यंत्र कानातच असतं.