रस, हाक आणि चार सेकंद

मी एक जुना, चावीचा स्टॉपवॉच आहे, मित्रांनो. धारवाडच्या एका कॉलेजात जीवशास्त्राच्या कपाटात असतो. माझा काटा चारवर थांबला आहे. मी बिघडलो नाही हो. ते चार सेकंद एका माणसाच्या डोळ्याचे आहेत.

हुबळीच्या दुकानातून आलो तेव्हा काय मिजास होती माझी! शर्यतींना मला मागून नेत. पण माझं रोजचं काम होतं बटाट्याच्या रसाचं. या रसात विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड घातलं की फेस येतो. फेस नळीतल्या खुणेपर्यंत चढायला किती वेळ लागला, ते मी सांगायचो.

भार्गवीबाई शिकवायच्या, "विकर म्हणजे पंगतीतले वाढपी. पंगत मोठी झाली की आधी ते भरभर वाढतात. पण सगळेच कामाला लागले की मग कितीही पानं मांडा, वेग तेवढाच. उरलेले ताटकळत बसणार."

ताटकळणाऱ्यांची मला तेव्हाही भीती वाटायची.

१९९८ साली अळणावरकडची रोहिणी प्रयोग करत होती. पेरॉक्साइड वाढवलं तसे माझे आकडे उतरले, चाळीस, वीस, बारा. मग बाराच, बाराच. बरोबरच होतं ते, सगळे वाढपी कामाला लागले होते. पण पोर घाबरली.

"अण्णा, वेग वाढेना. माझंच काही चुकतंय," ती म्हणाली.

"इरली बिडव्वा, असू दे गं, पुन्हा कर," शेषगिरी अण्णा म्हणाले. ते प्रयोगशाळेचे जुने मदतनीस. रसाचं भांडं त्यांच्या हातात होतं.

रोहिणीनं कपाटातली पेरॉक्साइडची पाणी न घातलेली बाटली काढली आणि अर्धा चंबू भरला. चंबू अगदी गप्प होता. मला ते मुळीच आवडलं नाही, पण मला तोंड कुठे आहे? रोहिणीनं ऑफिसच्या दाराशी उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, "बाई, जालीम घेतलंय, चालेल?"

बाई ओरडल्या, "रस राहू दे! आधी मला हाक मार!"

नेमकी तेव्हाच घंटा झाली. बाकीचे शब्द घंटेनं गिळले. अण्णांच्या कानावर आलं फक्त "रस... हाक". आणि अण्णांच्या कन्नडात 'हाक' म्हणजे घाल.

त्यांनी भांडंभर रस ओतला. एवढे वाढपी एकदम पंगतीत शिरले. सवयीनं रोहिणीनं चंबूला नळीचं बूच बसवलं आणि मला दाबलं. एक. दोन. फेसानं नळी भरली. तीन. अण्णा वाकून बघत होते.

चार. बूच उडालं. दचकून रोहिणीनं मला पुन्हा दाबलं आणि मी थांबलो.

अण्णांचा उजवा डोळा वाचला नाही. दोष कुणाचा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

अण्णा कामावर परतले. बाई एकदा म्हणाल्या, "अण्णा, याला शून्यावर न्या आता."

"बेड, बाई, नको. पोरांना बघू दे," अण्णा म्हणाले आणि मला पुसून ठेवलं.

तेव्हापासून प्रयोगाआधी बाई मला टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "मी काय सांगितलं, ते आपापल्या भाषेत परत सांगा." काही मुलं हसतात. मित्रांनो, हसा. पण वेग वाढेना म्हणून आत ताटकळणारं काही उरलं नाही, असं समजू नका, आणि अर्धवट ऐकलं असेल तर परत विचारा. परत विचारायलाही चारच सेकंद लागतात.