बारा दोऱ्यांची फळी

मित्रांनो, आधी नीट बघा आणि मग नावं ठेवा. कुणी मला मोडका पोळपाट समजतं, कुणी एखाद्या कपाटाचं सुटलेलं दार. अहो, मी एक जुनी लिहायची फळी आहे! वीतभर रुंद, हातभर लांब. वर पितळी चिमटा आणि अंगावर आडवे ताणलेले बारा दोरे. कोलकात्यातल्या कितीतरी नाटकांच्या पहिल्या प्रयोगांना मी हजर होते आणि एकदाही मला डुलकी लागलेली नाही. माझ्या शेजारी बसलेल्या मान्यवरांबद्दल तसं म्हणता येणार नाही.

माझा जन्म हावड्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथे मनोहरराव फोरमन होते. त्यांच्या पत्नी सुनीतीबाई एका वर्तमानपत्रात नाटकांची परीक्षणं लिहायच्या. थिएटरमध्ये अंधार झाला की त्या नजर रंगमंचावर ठेवायच्या आणि हात वहीवर चालवायच्या. एकदा घरी येऊन वही उघडली तर काय, ओळीवर ओळ चढलेली! अख्खा दुसरा अंक वाचता येईना. परीक्षण अर्धवट गेलं आणि बाई रडकुंडीला आल्या.  दुसऱ्या दिवशी मनोहररावांनी कारखान्यात प्लायचा एक तुकडा कापला, दोन्ही कडांना खाचा पाडल्या आणि मेण लावलेला जाड दोरा त्यातून ताणून बसवला. कागद दोऱ्यांखाली सरकवायचा आणि दोन दोऱ्यांच्या मधे लिहायचं. बोटाला दोरा लागला की ओळ सापडते, खाली बघायची गरजच नाही. ती मी.

तीस वर्षं आम्ही दोघींनी नाटकं पाहिली. आमच्या या शहरात पडदा पडला की निम्मं नाटक बाहेरच्या चहावाल्यापाशी सुरू होतं. मातीच्या इवल्याशा भांड्यातला चहा हातात घेऊन लोक भांडतात, तावातावाने. बाई मला बगलेत मारून सगळं ऐकायच्या. पण लिहायच्या मात्र स्वतः पाहिलेलंच. लोक म्हणायचे, 'सुनीतीबाईंनी लिहिलंय ना, मग तसंच असणार.' हे ऐकलं की माझा प्रत्येक दोरा ताठ व्हायचा.

मग वर्तमानपत्रातली नाटकांची जागा आक्रसत गेली आणि एक दिवस संपली. मनोहररावही गेले. मला कुठे ठेवलं, ठाऊक आहे? माठावर! झाकण म्हणून! सहा वर्षं माझ्यावर पेला उपडा घातलेला होता. वाईट वाटलं, का नाही वाटणार?

पण सुनीतीबाई गप्प बसणाऱ्यातल्या नव्हेत. त्यांनी मराठी मंडळाच्या वाचनालयात दर शनिवारी एक वर्ग सुरू केला. नाटक कसं पाहावं आणि पाहिलेलं कसं लिहावं, एवढाच विषय. न्यू टाउनच्या ऑफिसात काम करणारा वेदांत आला, कॉलेजातली नूपुर आली, ईशा आली. पहिल्याच प्रयोगाला तिघांनी टिपणं घ्यायला मोबाइल काढले. तिघांची तोंडं उजेडात अशी उजळली की रंगमंचावरचा नट वाक्य सोडून त्यांच्याकडेच बघत राहिला. त्याच संध्याकाळी बाईंनी माठावरचा पेला उचलला.

वर्गाचे नियम थोडेच होते. मंडळाच्या त्रैमासिकासाठी परीक्षण कोण लिहिणार, ते चिठ्ठी टाकून ठरे. चिठ्ठी निघेल त्याच्याकडे, परीक्षण छापून येईपर्यंत, माझा मुक्काम. प्रयोगाला जाण्याआधी माझे दोरे तपासायचे, सैल असेल तो ताणायचा. आणि जे पाहिलं तेच लिहायचं.

यंदा गणेशोत्सवातल्या नाटकासाठी चिठ्ठी निघाली ईशाची. पोरीचा चेहरा पडला. कारण नाटकातले वडील होते दत्तोपंत, म्हणजे तिचे सख्खे आजोबा. चाळीस वर्षं मंडळाच्या नाटकात मुख्य भूमिका त्यांचीच.

वेदांत म्हणाला, "काकू, मी लिहितो ना तिच्याऐवजी."

"का? नातीला डोळे नसतात?" सुनीतीबाई म्हणाल्या. "फक्त नातं पहिल्या ओळीत सांगून टाकायचं. ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही."

तिकडे दत्तोपंतांनी भेटेल त्याला सांगायला सुरुवात केली, "यंदा आमची ईशा लिहिणार आहे!" त्यांना खात्री होती, कारण मंडळाच्या त्रैमासिकाची रीतच तशी. परीक्षणात सगळ्यांची नावं यायची आणि प्रत्येकाचं काम 'सुरेख', 'सहज' नाहीतर 'समर्थ' असायचं. पडदा ओढणाऱ्यानेसुद्धा पडदा समर्थपणे ओढलेला असायचा.

रविवारी दुपारी प्रयोग झाला. ईशा आठव्या रांगेत, मी तिच्या मांडीवर. घाईत तिने माझे दोरे तपासले नव्हते. सातवा सैल होता. मला कळत होतं, पण सांगू कशी?

पहिल्या अंकात दत्तोपंत वाक्यं विसरले. विंगेतून शरदराव प्रॉम्प्टिंग करत होते आणि त्यांचा आवाज दत्तोपंतांपेक्षा मोठा. ईशाचा हात माझ्यावर थांबला. मग तिने दात आवळले आणि लिहायला लागली. शाब्बास गं, मी मनात म्हटलं.

पण घरी गेल्यावर तिने काय लिहावं? 'सर्वांची कामे उत्तम झाली. विशेषतः दत्तात्रय यांचे.' सुनीतीबाईंनी वाचलं आणि कागद परत दिला.

"हे लिहायला नाटकाला जायची काय गरज होती?"

ईशाचे डोळे भरले. "काकू, नाटक वर्षातून एकदा असतं. आजोबा मला रोज दिसतात. ते माझ्याशी बोलले नाहीत तर?"

बाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "ती भीती खरी आहे, बाळा. मी नाही म्हणणार नाही. पण तू टिपलंयस काय, ते आधी सगळं वाच. फक्त चुका नको वाचूस."

ईशाने वाचलं. आणि मग पुन्हा लिहिलं. मित्रांनो, ते मला पाठ आहे.

'या नाटकात वडिलांची भूमिका करणारे दत्तात्रय माझे आजोबा आहेत, हे लक्षात ठेवून वाचकांनी पुढचं वाचावं. पहिल्या अंकात त्यांची चार वाक्यं आठव्या रांगेत दोनदा ऐकू आली, आधी विंगेतून आणि मग त्यांच्याकडून. पण शेवटी मुलीचं पत्र वाचलं जातं, तेव्हा त्यांना एकही वाक्य नाही. ते चष्म्याची काच पुसतात. एकच काच, पत्र संपेपर्यंत. माझ्या शेजारच्या बाईंनी बिस्किटाचा पुडा फोडला होता, तो तसाच त्यांच्या हातात राहिला.'

अंक छापून घरी आला. दत्तोपंतांनी वाचला, घडी घातली आणि गॅलरीत जाऊन बसले. ईशाची आई विनीता चहा घेऊन गेली. "नको," एवढंच म्हणाले. दोन दिवस नातीशी चकार शब्द नाही. ईशा टेबलावर माझ्यावर डोकं टेकून बसायची. मला हात असते तर पाठीवरून फिरवले असते.

शनिवारी ती मला पिशवीत घालून वर्गाला निघाली, तर दत्तोपंत पायात चपला सरकवताना दिसले. "मीही येतो."

 वर्गात दत्तोपंत थेट समोर बसले. "फळी द्या," म्हणाले, "आणि ते टिपण." ईशाने दोन्ही पुढे केलं.

"राग आलाय का, दत्तोपंत?" सुनीतीबाईंनी विचारलं.

"आलाच होता! चांगला दोन दिवस होता." ते टिपणावर बोट फिरवत होते. "चाळीस वर्षं लोक विंगेत येऊन म्हणतात, छान झालं. काय छान झालं म्हणून विचारलं की सगळे गप्प. ही पहिली, जिने मी काय केलं ते सांगितलं. ती काच पुसायचं मी ठरवलं नव्हतं हो. पहिल्या अंकात वाक्यं गेली होती, तेव्हापासून हात कापत होते. ते दिसू नयेत म्हणून पुसत बसलो."

 मग दत्तोपंतांचा आवाज चढला. "पण पोरीने चुकीचं लिहिलंय!"

ईशा दचकली. "काय चुकलं, आजोबा?"

"चार वाक्यं म्हणे! पाच विसरलो मी. पाच!"

टिपण खिडकीपाशी नेलं. सातव्या दोऱ्याजवळ दोन ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. पाचवं वाक्य त्यात गडप झालं होतं. त्या क्षणी मला लाजेने माठावर परत जावंसं वाटलं. तीस वर्षांत माझ्याकडून असं झालं नव्हतं.

"पुढच्या अंकात दुरुस्ती," सुनीतीबाई म्हणाल्या.

"ठळक छापा," दत्तोपंत म्हणाले. "आणि शरदला सांगा, आवाज कमी. पुढच्या वर्षी माझं पाठांतर जूनपासून." मग त्यांनी मला मांडीवर घेतलं, सातवा दोरा ताणून घट्ट गाठ मारली आणि टोक ईशाच्या हातात दिलं. "धर. आता तू मार दुसरी."

मित्रांनो, मी आता वापरात आहे आणि मजेत आहे. तुमच्याकडे माझ्यासारखं कुणी माठावर पडलं असेल, तर खाली काढा. पुसा, ताणा, गाठी मारा. आमची एक गाठ सैल राहिली तर कुणाचं तरी खरं अर्धवट छापलं जातं. आणि नाटक पाहून आलात की नटाला नुसतं 'छान झालं' म्हणून निघू नका. तो तिथे उभा असतो. काय पाहिलंत, ते सांगा त्याला.

दुरुस्ती छापून आली. दत्तोपंतांनी ती कापून आरशाच्या कडेला लावली आहे. दाढी करताना रोज वाचतात: 'चार नव्हे, पाच.'