मोडीत निघालेली झांज

मित्रांनो, आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी ताट नाही, परातीवरचं झाकण नाही, आणि मला थाळी म्हणणाऱ्याशी मी बोलत नाही. मी एक जुनी झांज आहे, ड्रमसेटच्या दांडीवर आडवी बसणारी. स्वभाव जरा तिखट आहे माझा. तुमच्यावर कुणी हातोडा उचलला असता, तर तुमचाही झाला असता!

माझा जन्म दूर तुर्कस्तानातला. तांबं आणि कथील वितळवून कासं केलं आणि एका कारागिरानं मला हातानं ठोकून आकार दिला. म्हणून माझ्या अंगावरचे खळगे वेडेवाकडे आहेत; यंत्राचे असते तर शिस्तीत बसले असते. बोट फिरवलं की बारीक गोल रेघा लागतात. मधल्या घुमटाजवळ शिक्का होता, तो झिजून गेला. जाणकार माणूस एवढ्यावरून माझं वय ओळखतो. मी मात्र सांगणार नाही.

देवळालीच्या छावणीतल्या एका गोऱ्या वादकाबरोबर मी इकडे आले. तो मायदेशी जाताना मला रहेमानभाईंच्या वडिलांना देऊन गेला. पुढे रहेमानभाईंनी स्वतःचा बँड काढला आणि मला चाळीस वर्षं वाजवलं. ओझर, सायखेडा, पिंपळगाव बसवंत, एक गाव सोडलं नाही आम्ही. मी वाजले की वऱ्हाडातली म्हातारीसुद्धा मान डोलवायची. मग डीजे आला. बँड बसला आणि मी पेटीत गेले. शेजारी एक पितळी झांज होती, दिसायला लखलखीत आणि आवाज डबा बडवल्यासारखा. तिच्यासोबत वर्षं काढली मी! काय सांगू तुम्हाला.

रहेमानभाईंची नात रिदा कॉलेजात जाते. ती आजोबांपुढे बसून ड्रम शिकली, पण त्या पितळीवर. मला हात लावायची तिला परवानगी नव्हती. "पहिल्या कार्यक्रमाला ही घे. तोवर नुसती ऐक," असं ते म्हणायचे आणि महिन्यातून एकदा मला बाहेर ओट्यावर नेऊन स्वतः वाजवून दाखवायचे. रहेमानभाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण कान शाबूत आहेत. "पोरीच्या हातून तिचा आवाज एकदा ऐकला की मी सुटलो," हे त्यांचं पालुपद.

तो दिवस उजाडला. संध्याकाळी सहाला रिदाच्या कॉलेजात स्पर्धा होती. रहेमानभाई सकाळीच डोळे तपासायला गेले आणि रिदा सरावाला गेली. घरात राहिल्या अनवरीबी, रहेमानभाईंच्या बेगम. बाई प्रेमळ, पण त्यांच्या लेखी जे चमकतं तेच चांगलं. नातीचा कार्यक्रम म्हणून त्यांनी कौतुकानं पेटी उघडली आणि दोन्ही झांजा चिंचेनं घासल्या. पितळी उजळली. माझ्या रेघांमधलं काळं काही जाईना.

"ही गेली कामातून," असं म्हणत त्यांनी मला जुन्या भांड्यांच्या पिशवीत टाकलं. मोड देऊन नवी कढई आणायची होती ना! दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, पण माझा जीव जायची वेळ आली होती त्याचं काय?

भांडीबाजारात गोटीराम तांबटानं मला उचललं आणि हातात तोललं. "भाभी, हे कासं हाय का पितळ, बघावं लागंल."

बघणं म्हणजे काय, ते मला कळेना. त्यानं मला ऐरणीच्या कडेला धरलं आणि हातोडी उचलली. घाव घातला की पितळ वाकतं आणि कासं फुटतं, ही त्यांची पिढीजात परीक्षा. मी ओरडले असते हो, पण वाजवल्याशिवाय मला आवाज कुठला?

कट्!

"कासंच हे," गोटीराम खुशीत म्हणाला. माझी कड बोटभर चिरली होती. त्यानं मला काशाच्या ढिगात फेकलं. तीनला टेम्पो येणार होता आणि तिथून थेट भट्टी.

रिदा दोनला घरी आली. तिनं पेटी उघडली आणि किंचाळलीच. "नानी, जुनी झांज कुठंय?"

"मोडीत दिली. अगं, काळी पडली होती. चांगली ठेवलीय की तुझ्यासाठी!"

"या अल्लाह! नानी, तीच तर हवी होती!"

दोघी धावत आल्या तेव्हा टेम्पो गोटीरामच्या दारात उभा होता आणि माणूस पोती भरत होता. "काका, थांबा!" रिदा ओरडली. ढिगात चाळीसेक ताटं, झाकणं आणि थाळ्या होत्या, सगळ्या हातानं ठोकलेल्या, सगळ्या काळवंडलेल्या. कडा चेपलेल्या, मधोमध भोकं पडलेल्या. मला तिनं नुसतं ऐकलं होतं, हातात घेऊन पाहिलंच कुठं होतं? तिनं पिशवीतून काठी काढली आणि एकेक उचलून वाजवायला लागली.

ताट वाजायचं ते एका सुरात, सरळ. ती बाजूला ठेवायची. टेम्पोवाला हॉर्न मारत होता. अनवरीबी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

माझी पाळी आली. काठी नेमकी चिरेजवळ पडली. खर्रर्र! फुटक्या मडक्यासारखा आवाज निघाला. रिदानं तोंड वाकडं केलं आणि मला बाजूला ठेवलं.

मित्रांनो, हातोडीचा घाव मी सोसला, पण ते बाजूला ठेवणं नाही सोसलं.

ढीग संपला. रिदा मटकन खाली बसली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, तिनं मला पुन्हा उचललं, घुमटाला बोटावर तोललं आणि दुसऱ्या कडेला हळूच काठी मारली. मी जीव एकवटून वाजले. एक सूर नाही, दहा सूर निघाले, पसरत गेले आणि कितीतरी वेळ थांबले नाहीत. माणसाच्या हातातलं पोतं तसंच राहिलं.

"हीच," रिदा म्हणाली आणि रडायला लागली. मग तिला चीर दिसली.

गोटीराम जवळ आला. "पोरी, तो घाव माझा हाय. हातोडी उचलायच्या आधी मी तोंडानं इचारलं असतं तर बरं झालं असतं." वाजवत राहिलं तर चीर घुमटापर्यंत धावणार, हे त्याला माहीत होतं. त्यानं चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडायला घेतलं, म्हणजे ती तिथंच थांबते. ड्रिल जरा घसरलं असतं तर माझे दोन तुकडे झाले असते. त्यानं एकदा थांबून घाम पुसला. भोक पडलं. चीर थांबली.

सहाला मी मंचावर होते. रहेमानभाई पहिल्या रांगेत होते. रिदानं पहिला ठोका दिला आणि त्यांची मान एकदम ताठ झाली. शेवटपर्यंत ते हलले नाहीत. नंबर काही आला नाही.

घरी आल्यावर त्यांनी माझ्या कडेवरून बोट फिरवलं. ते भोकापाशी थांबलं. "हे कुणी केलं?"

अनवरीबी म्हणाल्या, "मी. मला ओळखताच आली नाही हो."

रहेमानभाईंनी बेगमचा हात धरून माझ्यावर ठेवला आणि रिदाला म्हणाले, "वाजव. हिनं कधी जवळून ऐकलीच नाही. चाळीस वर्षं मी बाहेरच वाजवत राहिलो."

मी वाजले. आता माझा आवाज थोडा बसका आहे आणि चीर पुन्हा कधी धावेल, सांगता येत नाही. म्हणून एवढंच मागते. घरात जुनं, काळवंडलेलं काही सापडलं तर घासण्याआधी, तोलण्याआधी त्याला एकदा बोलू द्या. मलाही बोलू दिलं, पण घाव घातल्यावर.