दुसरं कडवं

डॉक्टरांनी पुस्तक टेबलावर असं आपटलं की बाईंच्या कपाने बशीतल्या बशीत उडी मारली. मग पान एकशे बारा उघडून त्यांनी गाण्याखालच्या बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. ‘पारंपरिक. कवी अज्ञात.’

“कोण अज्ञात?” डॉक्टर म्हणाले. “माझ्या दारावर दीड फुटाची पाटी आहे. मतदार यादीत नाव आहे. मी अज्ञात?”

बाईंनी सांडलेला चहा आधी रुमालाने टिपला. त्या निवृत्त संगीत शिक्षिका. बारा वर्षं घरोघरी फिरून त्यांनी बायकांच्या तोंडची गाणी गोळा करून हे पुस्तक काढलं होतं, आणि असले दावेदार त्यांना नवे नव्हते. मागच्याच महिन्यात एक गृहस्थ एका अंगाईवर हक्क सांगून गेले होते, आणि ती अंगाई त्यांच्या आजोबांहून जुनी निघाली होती. बाईंनी शांतपणे विचारलं, की हे गाणं तुमच्या तोंडून ऐकलेलं कुणी आहे का.

इथेच तर सगळं घोडं अडत होतं. डॉक्टर भूलतज्ज्ञ. चौतीस वर्षं ते ऑपरेशनच्या टेबलाशी पेशंटच्या उशाला बसले आणि बसल्या बसल्या स्वतःची गाणी म्हणत आले. म्हणजे अकरा हजार श्रोते झाले, आणि त्यांतल्या एकानेही दुसरी ओळ ऐकली नाही. एक पैलवान तर सुई टोचायच्या आधी, नुसत्या आलापावरच घोरायला लागला होता. सर्जन हे शपथेवर सांगायचा, पण सर्जनच्या शपथेचं किती मनावर घ्यायचं? तो स्वतः गाण्याच्या वेळी कानांत बोळे घालायचा, हेही तोच सांगायचा. मासिकांनी गाणी साभार परत केली. आकाशवाणीने तीही केली नाहीत. आणि आता त्यांतलं एक गाणं शाळेशाळेत पोरं म्हणत होती, फोनच्या रिंगला वाजत होतं, आणि खाली लिहिलं होतं, अज्ञात.

डॉक्टरांनी पिशवीतून वही काढली. पिवळी पडलेली, पण तारखेसकट. बाईंनी चष्मा लावला आणि वाचलं.

*दार नुसते लोट बाई, कडी नको लावू,*
*कोपऱ्यावर जाऊन येतो, वाट नको पाहू.*

अक्षर न् अक्षर तेच. बाईंनी मान डोलावली. मग त्या वहीतल्या दुसऱ्या कडव्याकडे वळल्या.

*नक्षत्रांच्या नौकेमधुनी निघे माझी स्वारी,*
*क्षितिजाच्या पैलतीरी स्वप्नांची नगरी.*

हे त्यांनी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा जरा भरभर. त्यांच्या पुस्तकात या जागी दुसरंच काही होतं.

“ते कुणीतरी बिघडवलंय,” डॉक्टर म्हणाले. “माझी नौका काढून टाकली.”

“डॉक्टरसाहेब, खरं सांगू? लोक गातात ते त्या दुसऱ्या कडव्यासाठी.”

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. बाईंनी तेवढ्यात ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. ‘सदर गीत संपूर्णपणे माझे आहे’, त्याखाली सहीला जागा. नवी आवृत्ती सोमवारी छापायला जाणार होती. सही आली की अज्ञात निघेल, डॉक्टरांचं नाव पडेल. आणि दुसऱ्या कडव्याचं? त्यावर हक्क सांगायला आता कोण येणार आहे, असं बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेनही पुढे केलं. हजारो माणसांकडून न वाचता फॉर्मवर सह्या घेतलेल्या डॉक्टरांनी हा फॉर्म तीनदा वाचला, घडी घातली आणि घरी करतो म्हणाले.

घरी बायको वाटाणे सोलत होती. डॉक्टरांनी तिला सगळी हकिकत सांगितली. तिचं म्हणणं एवढंच, की सही करून मोकळे व्हा. चाळीस वर्षं ती नौका ऐकून तिला बोट लागायची पाळी आली होती. मग बघ तरी कसला फडतूस माल त्यात घुसडलाय, म्हणून डॉक्टरांनी पुस्तक उघडलं आणि नाकातल्या आवाजात, वेडावून दाखवत, मोठ्याने वाचलं.

*कोण आले न सांगता, ओले ओले पाय,*
*कोपऱ्यावर गेला त्याला ठाऊक आहे काय?*

वेडावणं शेवटपर्यंत टिकलं नाही. त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी साध्या आवाजात. वाटाण्याची एक शेंग हातात घेऊन ते ती उगीच उघडत-मिटत राहिले.

“पायाळू,” ते म्हणाले.

“काय?”

“मूल पायाळू होतं. आधी पाय आले. हे रचणारी बाई जागी होती.”

म्हणजे पाठीत सुई देऊन कमरेखालची भूल, आणि पोट उघडून बाळंतपण. अशा बाईला सगळं ऐकू येतं. सर्जनचं ओरडणं, हत्यारांचा खणखणाट, उशाला बसलेल्याचं गाणंसुद्धा. चौतीस वर्षांत असा योग कितीदा? डॉक्टर शिडी लावून माळ्यावर चढले. त्यांच्या डायऱ्यांत प्रत्येक केसची एक ओळ असे. त्यांनी चौतीस डायऱ्या चाळल्या, बायकोने शिडी धरली आणि दर दहा मिनिटांनी गुडघ्यांची आठवण करून दिली. पायाळू नऊ निघाले. त्यांतल्या आठ बायांना पूर्ण भूल दिलेली. नववीपुढे लिहिलं होतं: ‘जागी. फार घाबरलेली. गाणं म्हटलं. रक्तदाब पडला. गाणं थांबवलं.’ सव्वीस वर्षांपूर्वीची तारीख.

वास्तविक इथे डॉक्टरांचा राग निवायला हवा होता. तो उलट पेटला. त्यांनी खाली उतरून, केसांतली जळमटं न काढताच, बाईंना फोन लावला. बारा वर्षं घरोघरी फिरलात, आणि हे रचलं कुणी एवढं एक विचारता आलं नाही? इतकं चांगलं लिहिणाऱ्या बाईला सरळ अज्ञात करून टाकलंत? पलीकडून बाई म्हणाल्या, विचारलं होतं की. सगळ्याच म्हणाल्या, माझ्या आईकडून ऐकलं. मग त्यांनी विचारलं, की म्हणजे सही करताय ना. डॉक्टरांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलच्या जुन्या रजिस्टरात पत्ता मिळाला. त्या पत्त्यावर आता दुसरे भाडेकरू होते. त्यांनी बाजारातल्या चष्म्याच्या दुकानाकडे पाठवलं. तिथे काउंटरमागे एक पन्नाशीची बाई चष्म्याच्या काडीत मोहरीएवढा स्क्रू बसवत होती. डॉक्टरांनी घसा साफ केला आणि सांगितलं, की मी भूल देणारा डॉक्टर, सव्वीस वर्षांपूर्वी तुमचा मुलगा—

“मुलगी,” ती म्हणाली. स्क्रू बसेपर्यंत तिने मान वर केली नाही. मग केली. “म्हणजे गाणं अर्धवट सोडणारे तुम्हीच का?”

“अर्धवट? तुमचा रक्तदाब पडला होता. मी औषध देत होतो.”

“ते मला काय माहीत? मी तिथे पोट उघडं टाकून पडलेली. तुम्ही म्हणताय, वाट नको पाहू. आणि पुढे गप्प. मला वाटलं, मेले मी.” तिने चष्मा उजेडासमोर धरून काच तपासली. “मग पडद्यापलीकडून कुणीतरी म्हणालं, पाय आले. तेव्हा मीच म्हणून टाकलं पुढचं. मनात. नाहीतर ते तसंच लटकत राहिलं असतं.”

पुस्तक, शाळा, रिंगटोन, यातलं तिला बरंचसं ठाऊक होतं. मुलीने लहानपणी पाळणाघरातल्या पोरांना शिकवलं, तिथून ते कुठे कुठे गेलं. नाव छापायचं असतं हे मात्र तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. डॉक्टर चिडून म्हणाले, की डोक्यात आलं पाहिजे, छापायचंच असतं. त्यांनी फॉर्म काउंटरवर पसरला, ‘संपूर्णपणे माझे’ यावर काट मारली आणि तिथे दोन ओळी लिहिल्या: पहिले कडवे यांचे, दुसरे कडवे यांचे. तिने दुकानातलं पेन घेतलं आणि सावकाश, शाळेतल्यासारखी, पूर्ण नावाची सही केली. मग पेन तसंच हातात ठेवून तिने डॉक्टरांकडे पाहिलं.

“तुमचं पुढे काय होतं? सव्वीस वर्षं विचार करतेय. सांगा की, दुकानात कुणी नाहीये.”

डॉक्टरांनी तोंड उघडलं. समोर बाई टक्क जागी होती, हनुवटीखाली हात घेऊन.

“आठवत नाही आता,” ते म्हणाले.

त्यांनी फॉर्म आपल्याकडे ओढला, आपली सही केली, आणि ‘पहिले कडवे’ या शब्दांखाली दोनदा रेघ मारली.